पेनिसिलिनच्या गावात लॅक्टेजची गोळी परकी का?

१/
‘जेनेरिक’ हा शब्द आपण औषधांच्या दुकानात इतक्या सहजतेने उच्चारतो की त्यालाही इतिहास आहे, हे विसरून जातो. कोणतेही औषध जन्मतः जेनेरिक नसते. कोणी कायदा करतो, कोणी कारखाना उभारतो, कोणी याद्या तयार करतो. तेव्हा कुठे एखादी गोळी कंपनीच्या नावाऐवजी स्वतःच्या नावाने आणि परवडणाऱ्या किमतीत मिळू लागते. आजचा धागा अशा एका गोळीविषयी आहे, जिच्या वाट्याला आपल्याकडे यांपैकी फारच थोडे आले. दूध न पचणाऱ्यांसाठी असलेली लॅक्टेजची गोळी.

२/
हा विषय इतिहासाच्या धाग्यांत कशाला, असे कोणी विचारील. मी रावेतला राहते. आकुर्डी स्थानकावर लोकल पकडली की चिंचवड आणि मग पिंपरी. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आहे. जुने लोक त्याला नुसते ‘एचए’ म्हणतात. स्वस्त औषध ही कल्पना स्वतंत्र भारतात सर्वप्रथम जिथे यंत्रांच्या रूपाने उभी राहिली, ती ही जागा. लॅक्टेज ज्या तंत्राने तयार होते, ते किण्वनाचे तंत्र हाच या कारखान्याचा प्राण. आणि इथून दोन स्थानके अलीकडे दुकानात लॅक्टेजची गोळी मागावी, तर दुकानदार बाळांच्या पोटदुखीचे थेंब पुढे करतो, नाहीतर ‘बाहेरची आहे, मागवून देतो’ म्हणतो. मागवलेल्या गोळीची किंमत ऐकली की बासुंदी सोडून देणेच शहाणपणाचे वाटते. ही विसंगती कशी घडली, ते पाहू.

३/
आधी थोडे विज्ञान. दुधातील साखर म्हणजे लॅक्टोज, अर्थात दुग्धशर्करा. ती शरीरात शोषली जाण्यापूर्वी ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज अशा दोन भागांत तुटावी लागते. लहान आतड्याच्या अस्तरातील लॅक्टेज नावाचे विकर हे काम करते. तान्हेपणी ते विपुल असते; पुढे जगातील बहुसंख्य माणसांत ते घटत जाते. मग न तुटलेली साखर मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जीवाणू तिच्यावर ताव मारतात आणि पोट फुगणे, गुरगुरणे, कळा, जुलाब हा क्रम सुरू होतो. याला रोग म्हणावे का, हाच मुळात वादाचा प्रश्न आहे. सस्तन प्राण्यांचा सर्वसाधारण नियम हाच आहे. प्रौढपणीही दूध पचणे हा अपवाद होय; पशुपालक समाजांत काही हजार वर्षांपूर्वी पसरलेल्या एका जनुकीय बदलाची ती देणगी.

४/
गंमत अशी की हे ज्ञान फार अलीकडचे आहे. प्रौढांमधील लॅक्टेजच्या कमतरतेचे पहिले स्पष्ट वर्णन १९६३ चे. अमेरिकेत १९६६ मध्ये बेलेस आणि रोझेन्सवाइग यांनी दाखवले की कृष्णवर्णीय प्रौढांत ही कमतरता गोऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक आढळते. तोवर वैद्यकशास्त्राने युरोपीय आतडे हेच मानवी आतडे मानले होते! युरोपीयांमधील दूध पचवण्यामागचा नेमका जनुकीय बदल २००२ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी शोधला. भारतीयांवरील मोठा जनुकीय अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतातही मुख्यत्वे तोच बदल आढळतो आणि वायव्येकडून आग्नेयेकडे जाताना त्याचे प्रमाण घटत जाते, असे त्यातून दिसले.

५/
त्याआधी १९८१ मध्ये टंडन आणि सहकाऱ्यांनी उत्तर व दक्षिण भारतीयांची तुलना केली होती. लॅक्टोज न सोसणाऱ्यांचे प्रमाण उत्तर भारतीयांत २७.४ टक्के, तर दक्षिण भारतीयांत ६६.६ टक्के आले. या उतरंडीवर महाराष्ट्र मध्येच कुठेतरी बसतो. म्हणजे एकाच वर्गात, एकाच मेसमध्ये, कधी एकाच घरात दूध पचणारे आणि न पचणारे शेजारी शेजारी जेवतात. पचणारा न पचणाऱ्याला ‘नाटकी’ म्हणतो, ते या शेजारामुळेच.

६/
आता प्रश्न असा की, देशातील इतक्या मोठ्या हिश्शाला जे पचत नाही, तेच ‘पूर्णान्न’ म्हणून सर्वांच्या माथी कसे बसले? याची एक मुळी वसाहतकाळात सापडते. दक्षिणेतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी १९२० च्या दशकात उंदरांवर प्रयोग केले. उंदरांच्या वेगवेगळ्या गटांना शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली आणि मद्रासी अशा आहारांवर ठेवले. शीख आहाराचे उंदीर सर्वांत धष्टपुष्ट, मद्रासी आहाराचे सर्वांत रोडावलेले. मराठा आहार वरून तिसरा. शीख आहारात दूध-दुभते मुबलक होते, आणि त्यातून दूध व ‘लढाऊ’ शरीर यांची सांगड पक्की झाली.

७/
मॅकॅरिसन यांचे काम टाकाऊ होते, असे माझे म्हणणे नाही. भाताच्या सडीव दाण्यावर जगणाऱ्या माणसाचे पोषण अपुरे असते, हे त्यांनी ठामपणे दाखवले. परंतु उंदराला जे मानवले ते तिरुवनंतपुरमच्या प्रौढ माणसाला मानवेल का, हा प्रश्न विचारण्याचे साधनच तेव्हा उपलब्ध नव्हते. साधन नव्हते, पण निष्कर्ष मात्र पाठ्यपुस्तकांत गेला. माझ्या मते भारतीय पोषणविचाराची मोठी चूक इथे झाली. दूध चांगले आहे, इथवर ठीक. ‘दूध सर्वांना सारखेच चांगले आहे’ हे कोणी सिद्ध केलेच नव्हते.

८/
स्वातंत्र्यानंतर या विचाराला सरकारी बळ मिळाले. गोरेगावची आरे दुग्धवसाहत १९४९ ची. दारा खुरोडी हे तिच्यामागचे नाव. १९५५ च्या ऑक्टोबरमध्ये पंडित नेहरूंनी आणंदच्या दूध-भुकटी कारखान्याचे उद्घाटन केले. त्या कारखान्याच्या यंत्रसामग्रीसाठी युनिसेफने मदत केली होती. पुढे १९७० मध्ये ‘ऑपरेशन फ्लड’ सुरू झाले. युरोपीय आर्थिक समुदायाकडून देणगीदाखल आलेली भुकटी व लोण्याचे तेल मुंबई, दिल्ली, कोलकाता, मद्रास या महानगरांत दूध म्हणून विकून त्या पैशातून सहकारी दुग्धव्यवसाय वाढवायचा, अशी ती योजना. शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा देणारी याहून यशस्वी योजना आपल्याकडे क्वचितच झाली असेल. तिचे ऋण नाकारणारा इतिहासकार मला भेटलेला नाही आणि मलाही तसा व्हायचे नाही.

९/
पण इथे एक योगायोग पाहा. ज्या युनिसेफने आणंदला यंत्रे दिली, त्याच युनिसेफने त्याच वर्षांत पिंपरीलाही यंत्रे दिली. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेडची स्थापना १९५४ च्या मार्चमधली. औषधनिर्मितीतील ही केंद्र सरकारची पहिली कंपनी. यंत्रसामग्री युनिसेफची, तांत्रिक साहाय्य जागतिक आरोग्य संघटनेचे. १९५५ मध्ये पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक राहिलेले साहिब सिंग सोखे हे या विचाराचे मोठे पुरस्कर्ते. आयात औषध बाटल्यांत भरून विकणे म्हणजे औषधनिर्मिती नव्हे, मूळ द्रव्यच इथे तयार झाले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. दूध आणि औषध, नव्या प्रजासत्ताकाची ही दोन वचने एकाच वेळी दिली गेली. लॅक्टेजची गोळी नेमकी या दोन वचनांच्या सांध्यावर येते. दुधाने जे अवघड केले, ते औषधाने सोपे करायचे होते. तो सांधा कधी जुळवलाच गेला नाही.

१०/
पिंपरीत काय घडत होते, हे नीट समजून घेतले पाहिजे. पेनिसिलिन हे प्रयोगशाळेत रसायने मिसळून तयार केलेले औषध नव्हे. प्रचंड टाक्यांत बुरशी वाढवायची, तिला साखर आणि हवा पुरवायची, दुसरा कोणताही जंतू आत शिरू द्यायचा नाही, आणि तिने तयार केलेले द्रव्य गाळून, शुद्ध करून घ्यायचे. आपण घरी विरजण लावतो, त्याचेच हे महाकाय आणि कठोर शिस्तीचे रूप. पुढे अमेरिकेतील मर्क कंपनीच्या सहकार्याने स्ट्रेप्टोमायसिनही इथे होऊ लागले. एवढ्यावर हे थांबले नाही. एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी इथे हॅमायसिन हे बुरशीरोधक औषध शोधले. नावातील ‘हॅ’ हा हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा. आणि ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळाले, त्याचे शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. होय, पिंपरीवरून. आपल्या गावाचे नाव जीवशास्त्राच्या लॅटिनमध्ये आहे, हे पिंपरी-चिंचवडमधील किती जणांना ठाऊक असेल?

११/
लॅक्टेजही याच कुळातले. आज गोळ्यांत जे लॅक्टेज असते, ते बहुधा ॲस्परजिलस ओरायझी या बुरशीपासून येते. जपानमध्ये सोया सॉस आणि साके करण्यासाठी शतकानुशतके वापरली जाणारी ही बुरशी. जोकिची ताकामिने या जपानी रसायनज्ञाने तिच्यापासून पचनाचे विकर काढून १८९४ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळवले. पार्क-डेव्हिस कंपनीने ते ‘ताका-डायस्टेस’ या नावाने विकले. म्हणजे बुरशीपासून काढलेले विकर पोटासाठी गिळणे, ही कल्पना सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. लॅक्टेजचा दुसरा स्रोत म्हणजे दुधावर वाढणारे यीस्ट.

१२/
नेदरलँड्समधील डेल्फ्ट गावाची गोष्ट इथे सांगण्याचा मोह आवरत नाही. तिथे यीस्ट आणि मद्यार्काचा एक जुना कारखाना होता. दुसऱ्या महायुद्धात, जर्मन ताब्यात असताना, तिथल्या संशोधकांनी गुपचूप पेनिसिलिन तयार केले. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून त्याला ‘बॅसिनॉल’ असे सांकेतिक नाव दिले. याच कारखान्याच्या वंशातील गिस्ट-ब्रोकेड्स कंपनी पुढे यीस्टपासून लॅक्टेज बनवू लागली. १९७० च्या दशकात अमेरिकेत ॲलन क्लिगरमन यांनी दुधात घालण्याचे लॅक्टेज ‘लॅक्टेड’ या नावाने लोकप्रिय केले. यीस्टकडून पेनिसिलिनकडे आणि पेनिसिलिनकडून लॅक्टेजकडे हा प्रवास डेल्फ्टला झाला. पिंपरीला पहिला मोठा टप्पा गाठता आला, पुढचा कोणी सुचवलाच नाही. कारण तो सुचायला आधी दूध न पचणारा माणूस सरकारच्या नजरेस पडायला हवा होता.

१३/
आता ‘जेनेरिक’कडे वळू. १९११ च्या पेटंट कायद्याखाली भारतात औषधे इतकी महाग होती की अमेरिकन सिनेटच्या केफॉव्हर समितीने भारतातील किमतींची गणना जगातील सर्वाधिक किमतींत केली. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांचा अहवाल १९५९ चा. त्यावर आधारलेला पेटंट कायदा १९७० मध्ये झाला आणि १९७२ पासून अमलात आला. औषधाच्या पदार्थावर पेटंट नाही, फक्त तो बनवण्याच्या प्रक्रियेवर, अशी त्यातील मुख्य तरतूद. भारतीय जेनेरिक उद्योगाचा जन्म इथला. १९७५ च्या हाथी समितीने आणखी पुढे जाऊन सांगितले की ब्रँडची नावे टप्प्याटप्प्याने काढून औषधे मूळ नावाने विकावीत. ही शिफारस आजतागायत पुरती अमलात आलेली नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये डॉक्टरांनी जेनेरिक नाव लिहिण्याची सक्ती करणारे नियम आले आणि त्याच महिन्यात स्थगितही झाले.

१४/
लॅक्टेजच्या वाटेत पेटंट नाही. त्याची मूळ कृती केव्हाच सार्वजनिक झाली आहे. कच्चा मालही परका नाही. ठाण्यातील ॲडव्हान्स्ड एन्झाइम टेक्नॉलॉजीजसारखी कंपनी विकरे बनवून जगभर विकते आणि तिच्या उत्पादनांत लॅक्टेजही आहे. तंत्र आहे, पेटंटचा अडसर नाही, कारखाने आहेत. तरीही ज्याला आपण खऱ्या अर्थाने जेनेरिक म्हणू, अशी स्वस्त आणि सर्वत्र मिळणारी गोळी नाही. मग अडले कुठे?

१५/
माझ्या मते अडले ते वर्गीकरणात. लॅक्टेजला आंतरराष्ट्रीय जेनेरिक नाव आहे, ‘टिलॅक्टेज’. जागतिक आरोग्य संघटनेच्या औषध-वर्गीकरणात त्याला क्रमांकही आहे. पण बाजारातील लॅक्टेजच्या गोळ्या मुख्यत्वे आहारपूरक म्हणून विकल्या जातात. त्यांची ताकद ज्या एककांत मोजतात, ते ‘एफसीसी युनिट’ हे नावच अन्नात वापरल्या जाणाऱ्या रसायनांच्या संहितेवरून आले आहे, औषधकोशावरून नव्हे. आणि आपल्याकडे हा भेद केवळ शाब्दिक नाही. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार अत्यावश्यक औषधांना कमाल किंमत ठरवून दिली जाते, आणि यादीबाहेरच्या औषधांची किंमतही वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही. हे संरक्षण ‘औषधा’ला आहे. आहारपूरकाला ते नाही. २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत ३८४ औषधे आहेत; त्यांत लॅक्टेज नाही.

१६/
अभिलेखागारात बसणाऱ्या कोणालाही हे ओळखीचे वाटेल. दफ्तरात ज्याला रकाना नाही, त्याला हक्कही नाही. डॉक्टर त्याचे नाव चिठ्ठीवर क्वचित लिहितात, म्हणून दुकानदार ठेवत नाही. दुकानदार ठेवत नाही, म्हणून मागणी दिसत नाही. मागणी दिसत नाही, म्हणून कोणी स्वस्त गोळी काढत नाही. मग ती चकचकीत डबीत, ‘वेलनेस’च्या कपाटात, प्रथिनांच्या भुकटीशेजारी जाऊन बसते.

१७/
यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. ‘गोळी कशाला? ताक प्या.’ हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही, कारण त्यात मोठे तथ्य आहे. विरजणातील जीवाणू दुधातील साखरेचा काही भाग आधीच संपवतात. उरलेल्या साखरेसाठी त्यांच्याजवळचे स्वतःचे लॅक्टेज आपल्या आतड्यात पोहोचून काम करते, हे १९८४ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. चक्का टांगला की बरीचशी साखर निवळीबरोबर निघून जाते, म्हणून श्रीखंड अनेकांना बाधत नाही. तुपात ती जवळजवळ नसतेच. चरकसंहितेत अर्श आणि ग्रहणीच्या उपचारांत ताकाचा गौरव आहे. ग्रहणी म्हणजेच लॅक्टोज न सोसणे, असे समीकरण मात्र कृपया कोणी मांडू नये. प्राचीन रोगनामे आजच्या निदानांवर चिकटवणे हा आपल्या समाजमाध्यमी इतिहासाचा जुना आजार आहे. एवढे खरे की या भूमीतील माणसांनी दूध प्यायचे कसे यापेक्षा दूध बदलायचे कसे, यावर अधिक बुद्धी खर्च केली.

१८/
पण ताक हे घराचे उत्तर आहे. ज्याचे जेवण स्वतःच्या हाती आहे, त्याला ते पुरते. रावेत-आकुर्डीच्या पट्ट्यात हजारो मुले-मुली महाविद्यालयांसाठी खोल्या घेऊन राहतात, आणि त्याहून अधिक माणसे चाकण-पिंपरीच्या कारखान्यांत पाळ्यांवर जातात. मेसमध्ये रविवारी खीर, कँटीनमध्ये खव्याचा गुलाबजाम, लग्नात बासुंदी, गणपतीत पेढा. खव्यात तर जवळपास पाचवा हिस्सा दुग्धशर्कराच असते. कढी पचेल असे समजावे, तर उकळल्याने विरजणातील जीवाणू मरतात. रात्रपाळीच्या कामगाराला यंत्रापासून दर अर्ध्या तासाला उठून जाता येत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री विद्यार्थ्यालाही नाही. त्यांना ‘नको खाऊस’ असे सांगणे सोपे आहे. पण पंक्तीत वाटी उलटी ठेवणारा माणूस आपल्याकडे उद्धट ठरतो, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असते.

१९/
दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. क्षयरोगाची औषधे कधी अपुरी पडतात, अशा देशात सरकारने पोटफुगीच्या गोळीत का लक्ष घालावे? प्राधान्यक्रमाचा हा मुद्दा मला मान्य आहे. लॅक्टेजमुळे कोणाचा जीव वाचत नाही. परंतु मी अनुदान मागत नाही. मागते ती ओळख. जनऔषधी योजना २००८ मध्ये सुरू झाली आणि तिच्या केंद्रांत आज औषधांखेरीज एक रुपयाचे सॅनिटरी पॅड आणि प्रथिनांची भुकटीही मिळते. म्हणजे ‘हा काही रोग नव्हे’ म्हणून दार बंद करण्याचा नियम तिथे नाही. त्या फडताळावर एका मूळ नावाने, ठरलेल्या ताकदीची लॅक्टेजची गोळी प्रत्येक केंद्रात असावी. भारतीय औषधकोशाने तिच्यासाठी प्रमाण ठरवावे. डबीवर ‘पचनास उपयुक्त’ असले मोघम शब्द न छापता एकके ठळक छापणे बंधनकारक करावे. यांतली एकही गोष्ट खर्चिक नाही. ज्या राज्यसंस्थेने सात दशके प्रत्येक लहान मुलाला दूध पिण्याचा उपदेश केला, तिच्यावर एवढे दायित्व निश्चित येते.

२०/
एचएचे पुढे काय झाले, हे सांगितल्याशिवाय हा भाग पुरा होत नाही. १९९० च्या दशकात कंपनी आजारी उद्योगांच्या यादीत गेली. आयात पेनिसिलिन स्वस्त पडू लागले, कामगारांचे पगार थकले, आणि डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अतिरिक्त जमीन विकून देणी भागवण्याचा व निर्गुंतवणुकीचा निर्णय घेतला. या कारखान्याकडे मी स्मारक म्हणून पाहत नाही. सरकारी कारखाना म्हणजे आपोआप जनहित, असा भाबडेपणाही बरा नव्हे. तिथेही दिरंगाई होती, जुनी यंत्रे होती. पण औषधाची किंमत हा निसर्गनियम नसून निर्णय असतो, याचा पुरावा म्हणून पिंपरीइतकी जवळची जागा मला दुसरी सापडत नाही. १९५५ पूर्वी पेनिसिलिन महाग होते आणि ते तसेच असायचे, असे मानणारे शहाणे लोक तेव्हाही होतेच.

२१/
शेवटी व्यवहाराचे, कारण संदेशपेटीत हेच प्रश्न अधिक येतात.

दुकानात ‘पचनाची गोळी’ मागू नका. त्यांत बहुधा डायस्टेस, पेप्सिन किंवा पपेन असते. त्यांचा दुग्धशर्करेशी संबंध नाही. आवरणावर ‘लॅक्टेज’ किंवा ‘बीटा-गॅलॅक्टोसिडेज’ हा शब्द शोधा.

किंमत गोळीमागे न पाहता एककांमागे पाहा. युरोपीय नियमांनुसार दुग्धजन्य जेवणाबरोबर किमान ४५०० एफसीसी युनिट असतील, तरच गोळी उपयुक्त असल्याचा दावा करता येतो. स्वस्त दिसणाऱ्या डबीतील गोळी हजार-दीड हजार युनिटांची असेल तर ती स्वस्त नाही. बाळांच्या थेंबांवर दर मिलीलिटरला ६०० युनिट असा आकडा छापलेला आढळतो. प्रौढाने त्यावर विसंबायचे तर अर्धी बाटली एका वाटी खिरीत जाईल. शिवाय यीस्टपासूनचे लॅक्टेज जठरातील आम्लात टिकत नाही, ते आधीच दुधात मिसळून ठेवायचे असते.

गोळी पहिल्या घासाबरोबर घ्यायची, पोट दुखू लागल्यावर नव्हे.

२२/
आणि प्रत्येक वेळी ती लागतेच असेही नाही. अमेरिकेतील आरोग्यतज्ज्ञांच्या २०१० च्या परिषदेचा निष्कर्ष असा की, लॅक्टोज न पचणाऱ्यांपैकी बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत, म्हणजे साधारण पेलाभर दुधातले लॅक्टोज, विशेषतः जेवणाबरोबर, फारसा त्रास न होता चालते. कटिंग चहात याच्या पाव हिस्साही नसते. चहा सोडण्याची घाई करू नका. गोळ्यांमध्ये भराव म्हणून लॅक्टोजच सर्रास वापरतात, हे वाचून घाबरूही नका; ते प्रमाण अत्यल्प असते. मात्र दुधाची ॲलर्जी ही निराळी आणि धोक्याची गोष्ट आहे, तिथे लॅक्टेज निरुपयोगी. वजन घटणे, रक्त पडणे, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब असतील, तर गोळी शोधण्याआधी डॉक्टरांना गाठा.

तुमच्या भागात एककांसह नीट लेबल असलेली स्वस्त गोळी मिळत असेल, तर गाव आणि एककांमागची किंमत प्रतिसादांत लिहा. पुढचा धागा हॅमायसिनवर.